वायरीतला उशीर

बाबांनी गच्चीच्या कठड्याजवळ तबला-डग्गा मांडला, खालच्या चुंबळी नीट केल्या आणि समोर बघून हात वर केला. मधल्या गोदामाच्या पत्र्यापलीकडे हमीदकाकांच्या माडीची खिडकी उघडी होती. खिडकीत मास्क लावलेला चेहरा दिसत होता आणि त्याच्यापुढे पेटी.

"सुरू कर म्हणावं त्याला," बाबा मला म्हणाले.

फोनवर काकी होत्या. मी निरोप दिला. त्या म्हणाल्या, "पाचच मिनिटं हं, चारू. खिडकी उघडी ठेवलेली कळली तर डॉक्टर मलाच बोलतील."

भीमपलास सुरू झाला. खालून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तरी सूर ऐकू येत होता. बाबांनी एक आवर्तन नुसतं ऐकलं, मान डोलावली आणि ठेका धरला. थोडा वेळ बरं चाललं. मग बाबा समेवर आले तेव्हा पेटी अजून पोचलेली नव्हती. बाबांनी लय जरा आवरली, तर पेटीने ती आणखी आवरली. हळूहळू दोघंही चिखलातून चालल्यासारखे वाजवायला लागले आणि शेवटी बाबांनी हात उचलले.

"हमीद मागे पडतोय."

त्याच वेळी काकी फोनवर म्हणाल्या, "हे म्हणतायत, दिगू मागे पडतोय."

मला हसू आलं. "बाबा, तुमचं दोघांचंही बरोबर आहे. आवाजाला तिथून इथे यायला वेळ लागतो, आणि इथून तिथे जायलाही."

"एवढासा तर रस्ता आहे."

"तेवढ्यालाही लागतो. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो ना, तसंच."

बाबा समोर बघत बसले. खिडकीतून काकांनी हात हलवला, दोनदा, म्हणजे आज राहू दे. मग काकींनी खिडकी लावून घेतली.

माझे बाबा, दिगंबर कोपर्डे, मिरज स्टेशनात पार्सल ऑफिसात नोकरीला होते आणि हमीद मुजावर शाळेत चित्रकला शिकवायचे. दोघांपैकी कोणी मोठा कलावंत नव्हता, दोघांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटतही नव्हतं. गावात कोणी गायला आलं की साथीला ही जोडी ठरलेली. पण त्यांची खरी बैठक दर गुरुवारी संध्याकाळी काकांच्या पुढच्या खोलीत व्हायची. ऐकायला कोणी नसायचं. मी जन्मायच्या आधीपासून हे चाललं होतं. आई गेली त्या आठवड्यात बाबा घराबाहेर पडले नाहीत, तेव्हा काका स्वतः पेटी उचलून आमच्याकडे आले आणि कोपऱ्यात बसून एकटेच वाजवून गेले. बाबांशी ते एक शब्द बोलले नव्हते.

मग काकांच्या किडन्या निकामी झाल्या. दीड वर्ष डायलिसिस झालं आणि शेवटी जैबूनकाकींनी आपली एक किडनी दिली. ऑपरेशन चांगलं झालं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की निदान सहा महिने घरात बाहेरचं कोणी येता कामा नये, साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. त्यामुळे चाळीस पावलांवर राहणारे बाबा त्यांना खिडकीतूनच बघत होते.

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचं काम करत होते. घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून मिरजेत येऊन राहिले होते. आल्या आल्या मी काकींना फोन केला होता. त्या म्हणाल्या होत्या, "तब्येत सुधारतेय गं. जेवतात, औषधं घेतात. पण दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. पेटीवरचं कापडसुद्धा काढलेलं नाही."

गच्चीवरून वाजवायची कल्पना बाबांची. त्यासाठी काकांनी कापड काढलं होतं. म्हणून ते नीट झालं नाही याचं बाबांना फार लागलं.

"फोनवरून जमणार नाही का गं? ते चित्र दिसतं त्याच्यावरून?" जेवताना त्यांनी विचारलं.

"तो उशीर तर याहून मोठा असतो. तुमचा आवाज आधी गावाबाहेर जातो, कुठल्या तरी मोठ्या शहरात फिरतो आणि मग शेजारच्या घरात येतो."

"शेजारच्या घरात जायला मोठ्या शहरातून?"

"हो."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग सरळ जायची सोय नाही?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. पण मी घास हातात धरून थांबले. सोय होती. दोन्ही घरांत राउटर होते. आमचा मी बसवलेला आणि काकांचा त्यांच्या शारजातल्या मुलाने. मधे एक वायर टाकून ते दोन राउटर एकमेकांना जोडले, तर या घरातला कॉम्प्युटर त्या घरातल्या कॉम्प्युटरशी थेट बोलू शकला असता. इंटरनेटवर जायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर टाकायची जाड वायर आणली. मधलं गोदाम भोपळ्यांचं होतं. सतार-तंबोऱ्यासाठी लागणारे ते मोठे भोपळे पत्र्याच्या कडेने सुकायला मांडलेले असत. मालकांनी परवानगी दिली, एवढंच म्हणाले की भोपळ्यांना हात लावू नका. मी पत्र्यावर चढले, बाबांनी खालून शिडी धरली. मी वायर गोदामाच्या कडेकडेने नेली आणि काकांच्या माडीच्या गजाला बांधून टोक आत सोडलं. काकी आत दूर उभ्या होत्या.

"काकी, राउटरच्या मागे चार पिवळी भोकं आहेत. त्यातल्या कुठल्याही एकात घाला. टक् आवाज आला पाहिजे."

"निळं नको ना?"

"निळं नको. त्यात बाहेरची लाइन आहे."

टक् आवाज मला गजापलीकडून ऐकू आला. मी घरी येऊन आमच्या बाजूचं टोक लावलं, आणि दोन्ही घरांतलं इंटरनेट बंद पडलं. काकींची मालिका थांबली. शारजाहून मुलगा बोलत होता, त्याचा चेहरा तोंड उघडं ठेवूनच गोठला. काकींचा फोन आला, "चारू, काय केलंस गं?"

मी वायर काढली. सगळं पुन्हा सुरू झालं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही राउटर स्वतःला घर नंबर एक समजतात. आणि आपापल्या घरातल्या वस्तूंना दोघंही तेच ते नंबर देतात. वेगवेगळे होते तोवर भांडण नव्हतं. एकत्र आणल्यावर कोण कुठला, कुणालाच कळेना."

"मग एकाने नंबर बदलावा."

"कोणाचा बदलू?"

"हमीदचा बदल. तो समजूतदार आहे."

मी काकांना फोन लावून हेच विचारलं. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होते, आवाज बारीक झाला होता. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "माझाच बदल बाई. दिगू काही ऐकायचा नाही."

मी काकांच्या राउटरला नवा नंबर दिला. मग दोन्ही राउटरना शेजारच्या घराची वाट शिकवली: या नंबरांचं कोणी मागितलं तर बाहेर जायचं नाही, या वायरीने पलीकडे जायचं. मी सांगायचे आणि काकी त्यांच्या लॅपटॉपवर करायच्या. त्यांची बोटं सावकाश चालायची, पण एकही अक्षर चुकलं नाही. संध्याकाळी मी आमच्या कॉम्प्युटरवरून हाक घातली आणि पलीकडच्या यंत्राने लगेच उत्तर दिलं. लगेच म्हणजे मोजायलाही काही राहिलं नाही इतक्या लगेच. मी पुन्हा पुन्हा तपासलं. दोन माणसं एका खोलीच्या दोन टोकांना बसली तर जेवढा उशीर होईल, त्याहूनही कमी होता.

गुरुवार नव्हता, तरी बाबांनी धुतलेला सदरा घातला. मी माइक लावला, त्यांच्या कानावर हेडफोन चढवले. काकींनी तिकडे तसंच केलं. दोघं आपापल्या घरात बसले.

"हमीद?"

"बोल."

"ऐकू येतंय?"

"तू घोरत नाहीस एवढंच कळतंय," काका म्हणाले. मग त्यांनी पेटी उघडायच्या आधी चुटकी वाजवली. बाबांनीही त्याच लयीत वाजवली. असं चार-पाच वेळा झालं. मला वाटलं, म्हातारे खेळतायत.

त्यांनी मध्यलयीत तीनताल घेतला आणि कितीतरी दिवसांनी मी ती जोडी जोडीसारखी ऐकली. काकांच्या पेटीला थोडा दम कमी होता, पण समेवर दोघं एकत्र येत होते. बाबा मान हलवत होते. तिकडून काकींचा आवाज आला, "वा." मी माझ्या खोलीत जाऊन उगाच कपडे आवरायला लागले, कारण डोळे भरून आले होते.

मग रंगात येऊन लय आपोआप वाढली. बाबांनी दुगुन घेतली, बोल दुप्पट वेगाने टाकले, आणि काहीतरी बिघडलं. तबला मागे राहिला. बाबांनी हात उचलले.

"वायरीत उशीर आहे, चारू."

"नाही बाबा, मी तपासलंय."

"मग पुन्हा तपास. माझा बोल पोचेपर्यंत हमीद पुढे गेलेला असतो."

मी तपासलं. दुसऱ्या दिवशी वायरीची टोकं कापून नवी लावली. पत्र्यावर चढून वायर कुठे दबली आहे का ते बघून आले. हेडफोन बदलले, लॅपटॉपवरचे बाकीचे सगळे उद्योग बंद केले. रोज संध्याकाळी ते बसायचे, सुरुवात छान व्हायची, आणि लय वाढली की बाबा थांबायचे. "तुझ्या वायरीत उशीर आहे." ते रागावून नाही म्हणायचे, पाऊस आहे म्हणावं तसं म्हणायचे. मला मात्र राग यायचा. माझं कामच हे होतं. यंत्र सांगत होतं उशीर नाही, आणि कान सांगत होता आहे.

एका सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत असताना काकांचा फोन आला.

"चारू, दिगू जवळ आहे?"

"नाही, खाली आहेत. बोलावू?"

"नको. तू पुन्हा पत्र्यावर चढलीस म्हणून काकी सांगत होती. चढू नकोस. वायर ठीक आहे."

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं." ते थोडे थांबले. त्यांना बोलताना धाप लागायची. "दिगूचा उजवा हात जड झालाय, बाळ. दोन वर्षं तरी झाली. तिरकिट फुटत नाही त्याचं, भरभर बोटं लागतात ना त्याला. चाट, म्हणजे कडेवरचा बोल, स्वच्छ पडते; बोट उचलतं ते उशिरा."

मी ओला टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिले.

"माझ्याकडे कोणी बोललं नाही."

"त्याला माहीत नाही, तर तुझ्याकडे कोण बोलणार? मी साथीला बसलो की लय जरा धरून ठेवतो. गाणाऱ्याला आधी सांगून ठेवायचो, फार पळवू नका. त्याला कधी कळलं नाही."

"म्हणजे हे काय असेल, काका?"

"मी डॉक्टर नाही. तू ने त्याला डॉक्टरकडे, लवकर ने. पण एक ऐक. आज त्याला वाटतंय, दोष वायरीत आहे. ते वाटू दे. तू सांग की थोडा उशीर राहणारच, याहून कमी होत नाही. मग आम्ही विलंबित, अगदी सावकाश वाजवत बसू. विलंबितातलं तिरकिट त्याच्या हातात मावतं."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. वाजवणं बंद करायला लागेल असं त्याच्या मनात आलं ना, की तो स्वतःच आधी बंद करेल. मी ओळखतो त्याला."

त्या दिवशी मी बाबांकडे नीट बघितलं. दिवाळीला आणि मे महिन्यात येऊन जाणाऱ्या मुलीला जे दिसत नाही ते दिसलं. चालताना त्यांचा डावा हात हलत होता आणि उजवा अंगाशी चिकटून राहत होता. सदऱ्याची बटणं ते डाव्या हाताने लावत होते. मला हे आधी का दिसलं नाही, असं मनात आलं, आणि लगेच हेही आलं की ज्याला दिसलं तो शेजारीच होता, बरं झालं.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे बसले.

"बाबा, मी सगळं करून बघितलं. वायरीत थोडा उशीर आहे आणि तो राहणारच. याहून कमी होत नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं असं मला वाटलं.

"राहणारच?"

"हो."

"बरं." त्यांनी हेडफोन कानावर घेतले. "हमीद, चारू म्हणते उशीर राहणार. काय करायचं?"

"काय करायचं? विलंबित घेऊ."

"एकताल?"

"एकताल."

त्या दिवसापासून दोघं विलंबित एकताल वाजवायला लागले. काका सावकाश आलापी करायचे, एकेक सूर जणू हातात धरून बघायचे, आणि बाबा ठेक्यातल्या मोकळ्या जागा डग्ग्याच्या घुमाऱ्याने भरायचे. तिरकिट नीट पडत होतं. दोघांनाही अशी घाई नसलेली मैफल आयुष्यात मिळाली नव्हती, कारण साथीला बसलं की गाणाऱ्याची घाई असते, आणि गुरुवारी दोघांना लय वाढवायचा मोह आवरायचा नाही. पुढे पुढे काकी स्वयंपाक करता करता स्पीकर लावून ठेवायच्या. काका वाजवून झाल्यावर बोलत बसायचे, कुठल्या गावच्या उरुसात कोण बेसूर गायलं होतं ते. काकींनी मला सांगितलं, "आता भिंतीकडे नाही बघत. दुपारपासून घड्याळाकडे बघतात."

डॉक्टरकडे जाऊ या म्हटल्यावर बाबा नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "जाऊ."

सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे बाकावर बसून आम्ही नंबर यायची वाट बघत होतो. बाबांच्या पलीकडे कोणीतरी पेपर वाचत होतं. बाबा समोरच्या भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत म्हणाले, "वायरीत उशीर नव्हता ना?"

मी हातातली फाइल उगाच उघडली.

"घाबरू नकोस. हमीदने तुला सांगायला लावलं असणार."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. आम्ही चुटक्या वाजवल्या, आठवतं? दोघांच्या चुटक्या एकावर एक पडल्या. तिथे उशीर असता तर लगेच कळलं असतं. आणि हात माझा आहे, चारू. तो मला आधी कळणार, की हमीदला?"

"पण काकांना वाटतं, तुम्हाला माहीत नाही. तुमच्यासाठी ते लय धरून ठेवतात..."

"धरतो ना. दोन वर्षं धरतोय. त्याच्या भात्याचा श्वाससुद्धा मला ओळखू येतो, लय मागे घेतलेली नाही कळणार?"

"मग तुम्ही रोज वायरीला का नावं ठेवत होता? मी तीनदा पत्र्यावर चढले, बाबा."

ते हसले. "पहिल्या दिवशी खरं तर लाज वाटली, म्हणून वायरीचं नाव तोंडातून गेलं. पण मग एक लक्षात आलं. मी चुकलो की हमीद जागा होतो. बाकी वेळ तो नुसता वाजवतो. मी चुकलो की सावध होतो, माझ्याकडे कान लावून बसतो, पुढच्या आवर्तनाची तयारी करतो. ऑपरेशन झाल्यापासून सगळे त्याला सांभाळतायत. बायकोने तर पोटातलं काढून दिलं. माणसाला नुसतं घेत राहायचा कंटाळा येतो गं. त्याला सांभाळायला मी सापडलोय, तर सापडू दे."

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. बाबा उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस. माझं मला माहीत आहे हे त्याला कळलं, तर त्याच्या हातातलं काम जाईल."

कंपवाताची सुरुवात होती. गोळ्या सुरू झाल्या, हाताचे व्यायाम सुरू झाले आणि काही महिन्यांत बटणं पुन्हा उजव्या हाताने लागायला लागली. तिरकिट काही पूर्ण परत आलं नाही. पण डॉक्टर म्हणाले की तबला सोडू नका, तोच तुमचा व्यायाम. मी काकांना एवढंच सांगितलं की बाबांना गोळ्या दिल्यात, हाताच्या. काका म्हणाले, "छान. आणि वायरीचं?" मी म्हटलं, वायरीचं तसंच आहे. दोन घरांच्या मधे मी होते, इकडचं तिकडे नेत नव्हते, आणि मला तसं बसायला फार बरं वाटत होतं.

काकांचे सहा महिने संपले. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला परवानगी दिली. पहिल्याच गुरुवारी ते मास्क लावून, काकींचा हात धरून, चालत आमच्याकडे आले. मी पेटी त्यांच्याकडून आधीच आणून ठेवली होती. बाबा दारातच उभे होते. दोघांनी एकमेकांना हात लावला नाही, डॉक्टरांनी अजून नको म्हटलं होतं. बाबा नुसते म्हणाले, "बारीक झालास." काका म्हणाले, "तू जाड झालास." मग बसले.

मला त्या संध्याकाळची धास्ती होती. आता मधे वायर नव्हती. दोघं गुडघ्याला गुडघा लावण्याच्या अंतरावर बसले होते, आणि बोल चुकला तर तो कोणाच्या माथी मारायला काही उरलं नव्हतं.

सुरुवातीला काकांनी मध्यलय घेतली. इतक्या महिन्यांनी समोरासमोर बसल्याचा आनंद असेल, हात आपोआप पुढे गेले. बाबांच्या चेहऱ्यावरही तोच आनंद होता. त्यांनी दुगुन घेतली, मग तिरकिट आलं आणि विस्कटलं. बाबांचे हात तबल्यावरच थांबले. त्यांनी मान वर केली नाही. काकांनी पेटी थांबवली. काकी माझ्याकडे बघायला लागल्या.

मग काका पेटीवर वाकले. त्यांनी भाता मागून चाचपला, एकदा उघडला, एकदा मिटला.

"भाता गळतोय दिगू," ते म्हणाले. "सूर यायला उशीर होतोय मला."

काकी काहीतरी बोलणार होत्या. त्या भात्याला काकांनी दोन आठवड्यांपूर्वीच नवं चामडं लावून घेतलं होतं, काकींनीच मला सांगितलं होतं. पण त्या मागे सरून बसल्या.

बाबांनी मान वर केली. आधी पेटीकडे बघितलं, मग काकांकडे.

"दुरुस्त करून घे की."

"घेईन. तोवर?"

"तोवर विलंबित घे. तुझी पेटी सावकाश बरी चालेल."

"एकताल?"

"एकताल."

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. बाबांचा हात आता तबल्यावर जात नाही. ते तोंडाने बोल म्हणतात आणि काका पेटी धरतात, दर गुरुवारी. तो भाता अजून दुरुस्त व्हायचा आहे, असं काका सांगतात.

त्या संध्याकाळी काकांनी नव्याने सूर धरला. भाता स्वच्छ वाजत होता, कुठूनही वारा सुटत नव्हता. बाबांनी डोळे मिटून एक आवर्तन ऐकलं, मान डोलावली आणि सम बघून हात टाकला.